भिंत वस्तीची, कुंचला कुणाचा?

‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात अजून ऐकू येते. ती जुन्या बाजारपेठेच्या भरभराटीतून आली, आणि आजही तिला थोडाफार आधार आहे. संकरित बियाण्यांच्या ज्या कंपन्यांनी देशभर पाय पसरले, त्यांतल्या काहींचे मूळ या शहरात आहे. इथल्या रोलिंग मिलमधून निघालेली सळई दूरदूरच्या बांधकामांवर जाते. पण पाळणा सोन्याचा असला तरी त्यात सगळ्यांची लेकरे झोपत नाहीत. १ मे १९८१ रोजी स्थापन झालेला हा जिल्हा राज्याच्या २००२ च्या मानव विकास अहवालात तळाच्या जिल्ह्यांत होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीस ते चोवीस वयाच्या सुमारे एक तृतीयांश स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले दिसले. दसरा-दिवाळीच्या सुमारास अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, आणि पोरांची शाळा अर्ध्यावर सुटते. २०१२-१३ च्या दुष्काळात तर खुद्द शहराला टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसावे लागले. कुंडलिकेच्या दोन्ही काठांवरच्या दाट वस्त्या आणि औद्योगिक वसाहतीला लागून वाढलेला चंदनझिऱ्याचा परिसर यांना या सगळ्याची झळ आधी लागते.

अशा वस्त्यांमध्ये उमेद कशी आणायची, या प्रश्नाला अलीकडे एक सोपे उत्तर दिले जाते: भिंती रंगवा. ‘स्वच्छ सर्वेक्षण’ सुरू झाल्यापासून महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक शहराने ते उत्तर थोडेफार अमलात आणले. उड्डाणपुलांचे खांब, शाळांची कुंपणे, शौचालयांच्या भिंती यांवर झाडे, पक्षी, महापुरुष आणि घोषवाक्ये उमटली. दिसायला ते बरे दिसते आणि त्यात वाईटही काही नाही. पण चांगले दिसणे आणि आशा वाटणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर रंगाने भरत नाही. सामूहिक कलेतून आशा निर्माण होते हे खरे आहे. पण विषय कुणी ठरवला, मेहनत कुणी केली आणि कला संपल्यावर मागणी कुणाच्या तोंडून निघाली, यावर तिचा परिणाम अवलंबून असतो. हे समजून घ्यायला परदेशात जाण्याची गरज नाही. ज्या मातीत जालना आहे, तिथे वंचितांच्या कलेचा शंभर वर्षांहून जुना अनुभव साठलेला आहे.

आधी आशा म्हणजे काय ते पाहू. बोलण्यात आपण तिला मनाची अवस्था मानतो, कुणीतरी धीर दिला की येणारी. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी १९९० च्या दशकात तिची अधिक काटेकोर मांडणी केली. त्यांच्या मते आशेला दोन पाय असतात. आपल्याला हे जमेल हा भरवसा हा एक, आणि तिथे पोहोचायची वाट दिसणे हा दुसरा. भरवसा आहे पण वाट नाही, तर माणूस काही काळ उत्साहात असतो आणि मग खचतो. वाट आहे पण भरवसा नाही, तर योजना कागदावर राहते. गरीब वस्तीतल्या माणसाला ‘तुम्ही आशा ठेवा’ असे सांगणे निरर्थक असते ते यामुळेच. रेशनकार्डावर नाव चढवण्यासाठी चार खेपा मारूनही काम होत नसेल, तर त्याची निराशा हा अनुभवातून काढलेला अगदी तर्कशुद्ध निष्कर्ष असतो. तो बदलायचा तर अनुभव बदलावा लागतो.

मूळचे मुंबईचे असलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००४ मध्ये हाच मुद्दा समाजाच्या पातळीवर मांडला. मोठे स्वप्न पाहता येणे हीसुद्धा एक क्षमता आहे, आणि पैशासारखीच ती विषम वाटली गेली आहे, असे ते म्हणतात. सुखवस्तू घरातल्या मुलाला इच्छा, वाट, अडथळा आणि यश ही साखळी लहानपणापासून शंभरदा अनुभवायला मिळते. गरीब मुलाला ती क्वचितच मिळते. म्हणजे कमी असतो तो सराव, इच्छा नव्हे. सराव एकट्याने होत नाही, त्याला चारचौघे लागतात. शिकागोत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने याची दुसरी बाजू दाखवली. रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी ३४३ वस्त्यांतल्या ८,७८२ रहिवाशांना विचारले, की शेजारी एकमेकांवर कितपत विश्वास ठेवतात आणि गल्लीत काही वावगे घडले तर मध्ये पडतात का. जिथे हा परस्परांचा भरवसा जास्त होता तिथे हिंसा कमी होती, आणि गरिबीचा हिशेब बाजूला काढल्यावरही हा फरक टिकून राहिला. वस्तीची ताकद मिळकतीइतकीच तिच्या आपसातल्या विश्वासावर उभी असते.

अप्पादुराईंनी आपला सिद्धांत ज्या कामावरून बांधला, ते काम मुंबईच्या फुटपाथवरचे होते. जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात फुटपाथवासीयांचा जगण्याचा हक्क मान्य केला, पण महापालिकेला त्यांना हटवण्याची मुभाही ठेवली. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायका तेव्हा ‘स्पार्क’ या संस्थेच्या मदतीने एकत्र आल्या आणि त्यातून ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. घर मिळालेच तर ते कसे असावे, हा प्रश्न या बायकांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. त्यांनी तो स्वतःला विचारला. खोलीची लांबी-रुंदी फुटांत सांगणे अवघड, म्हणून साडीची लांबी धरून मापे घेतली. मग पुठ्ठा, कापड आणि लाकूड वापरून खऱ्या आकाराच्या घराचा नमुनाच उभा केला. शिडी लावून वर पोटमाळा करता यावा म्हणून छत चौदा फूट उंच ठेवायचे, म्हणजे तेवढ्याच जागेत दोघांचा संसार आणि पोरांची झोप दोन्ही बसते, हा शोध त्यांचाच. नमुन्यांची प्रदर्शने भरली, लोक आत शिरून पाहू लागले, अधिकारी आले. त्या क्षणी बोलण्याची बाजू पालटली, कारण घराबद्दल बायका सांगत होत्या आणि साहेब ऐकत होते. पुढे १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुटपाथवासीयांना घरासाठी पात्र धरले गेले, आणि मानखुर्दला ‘मिलन नगर’ उभे राहिले. पुठ्ठ्याच्या त्या घराला कला म्हणायचे की आंदोलन, असा वाद घालता येईल. परिणामापुरते ते दोन्ही होते.

महाराष्ट्रात हे असे पहिल्यांदाच घडत नव्हते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत त्या विचाराला सत्यशोधक जलशाचे अंग फुटले. तमाशाचा सांगाडा लोकांच्या ओळखीचा होता: गण, गवळण, बतावणी, वग. जलसाकारांनी सांगाडा तसाच ठेवला आणि आतला ऐवज बदलला. गवळणीच्या जागी शिक्षण आले, बतावणीत सावकार आणि भट यांची फिरकी आली. १९३० च्या दशकात नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी आंबेडकरी जलसा उभा केला. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणाल्याचे सांगितले जाते. ते शब्द असेच असोत वा नसोत, जलशाची ताकद त्यांनी ओळखली होती यात शंका नाही. सभेत एक जण बोलतो आणि शेकडो ऐकतात. जलशात वस्तीतलाच माणूस वस्तीतलीच गोष्ट करतो, आणि ऐकणारा मधूनच प्रतिसाद देतो.

या जलशाची घडण नीट पाहिली तर त्याच्या परिणामाचे कारण उलगडते. साधन अगदी थोडे: ढोलकी, तुणतुणे, झांज, जमल्यास बाजाची पेटी. रंगमंच म्हणजे चावडीसमोरची मोकळी जागा किंवा चाळीचे अंगण, उजेडाला पेट्रोमॅक्स. कलावंत दिवसा गिरणीत, गोदीत किंवा शेतात राबणारे. फार्समध्ये मेलेले ढोर ओढावे की नाही यावर दोन भावांचा वाद लागतो. थोरला म्हणतो, बापजाद्यांपासून चालत आले आहे. धाकटा म्हणतो, म्हणूनच सोडायचे. प्रेक्षक हसतात, कारण हाच वाद आदल्या रात्री त्यांच्याच घरात झालेला असतो. हसता हसता त्यांना कळते, की जे नशीब वाटत होते ती खरे तर रूढी होती, आणि रूढी मोडता येते. स्नायडर यांच्या भाषेत सांगायचे तर जलसा दोन्ही पायांवर काम करत होता: आपल्यातलाच माणूस उभा राहून बोलतो यातून भरवसा, आणि मुलाला शाळेत घाला, ते काम सोडा, सभेला या, यातून वाट. हे सांगायला बाहेरचा कुणी लागला नाही, हे त्यातले सगळ्यात महत्त्वाचे.

मराठवाड्यात हे काम अधिक कठीण होते. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि तिथे जाहीर सभांवर १९२९ पासून फर्मानाने जाचक बंधने घातलेली होती. राज्य गेल्यावर शिक्षणाची दारे जरा किलकिली झाली. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले. पुढे ते ‘मिलिंद महाविद्यालय’ म्हणून ओळखले गेले, आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली दलित मुले तिथे येऊन शिकू लागली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी याच महाविद्यालयासाठी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले, १९५५ मध्ये विद्यार्थ्यांनी ते सादर केले, आणि दलित रंगभूमीच्या आरंभीच्या नाटकांत त्याची गणना होते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा मराठवाड्यात दंगली उसळल्या आणि दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत मोर्चे, तुरुंगवास आणि मृत्यू यांच्या बरोबरीने गाणीही चालू होती. जयंतीच्या रात्री वस्तीत रंगणारे भीमगीतांचे कार्यक्रम लढा जिवंत ठेवण्याचे एक साधन होते. सोळा वर्षे उमेद टिकवायची तर ती दरवर्षी, दर वस्तीत नव्याने पेटवावी लागते, आणि ते काम पत्रकांपेक्षा गाण्याने अधिक केले.

आता याच्या शेजारी २०१७ च्या अखेरीस घाटकोपरच्या असल्फा टेकडीवर झालेले काम ठेवून पाहू. मेट्रोच्या स्थानकातून दिसणारी ही डोंगरउतारावरची वस्ती ‘चल रंग दे’ या उपक्रमात स्वयंसेवकांनी रंगवली. पिवळा, निळा, गुलाबी असे रंग भिंतींवर चढले, चित्रे उमटली, आणि समाजमाध्यमांवर इटलीतल्या पोझितानो गावाशी तिची तुलना होऊ लागली. आयोजकांचा हेतू चांगला होता. झोपडपट्टीकडे बघणाऱ्याच्या नजरेतली घृणा कमी व्हावी असे त्यांना वाटत होते, आणि काही प्रमाणात ती कमी झालीही असेल. रहिवाशांपैकी काहींनी भिंतींचा अभिमान बाळगला, तेही खरे. तरीही टीकाकारांनी विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता: रंग मेट्रोतल्या प्रवाशाला दिसतो, पण आतल्या पायऱ्या, पाणी आणि शौचालय यांचे काय? बघणाऱ्याची नजर बदलणे हे एक काम आहे आणि राहणाऱ्याचा भरवसा वाढवणे हे दुसरे. पहिले एका आठवड्यात होते. दुसऱ्याला वर्षे लागतात आणि त्याचे छायाचित्र चांगले येत नाही.

भित्तिचित्र हे माध्यमच निरुपयोगी आहे असा मात्र याचा अर्थ नाही. फिलाडेल्फियात १९८४ मध्ये भिंतींवर रेघोट्या मारणाऱ्या पोरांना कामाला लावण्यासाठी शहर प्रशासनाने एक उपक्रम काढला. चित्रकार जेन गोल्डन यांनी त्या पोरांना भित्तिचित्रे काढायला लावले, आणि आज त्या शहरात अशी हजारो चित्रे आहेत. तिथल्या पद्धतीत चित्र काढण्याआधी शेजाऱ्यांच्या बैठका होतात, काय काढायचे यावर वाद होतात, आराखडा बदलतो, आणि मग रंग लागतो. मानसिक आजारांशी झगडणाऱ्या लोकांबरोबर केलेल्या अशाच एका उपक्रमाचे येल विद्यापीठाच्या संशोधकांनी मूल्यमापन केले. नव्या चित्रांच्या आसपास राहणाऱ्यांमध्ये, शिकागोच्या अभ्यासाने मोजला होता तोच परस्परांचा भरवसा तुलनेने वाढल्याचे त्यांना आढळले. रंग दोन्हीकडे सारखाच आहे. फरक पडतो तो बैठकीने.

बैठकीचा हाच नियम नाटकालाही लागू पडतो, आणि त्याचे उदाहरण ठाण्यात आहे. बालरंगभूमीवर अर्धशतक काम केलेले नाटककार रत्नाकर मतकरी यांनी २०१४ मध्ये समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. बालनाट्याची तयार संहिता त्यांच्याकडे कमी नव्हती. तरी त्यांनी ती मुलांच्या हातात दिली नाही. लोकवस्तीतल्या मुलांनी विषय स्वतः शोधावा, गोष्ट स्वतः रचावी, संवाद आपल्या बोलीत बोलावेत, अशी अट होती. मुलांच्या नाटिकांत मग त्यांच्याच गल्लीतले विषय उतरले. मतकरी २०२० मध्ये गेले. त्यांनी घालून दिलेली अट मात्र कुठल्याही वस्तीत लागू पडेल इतकी साधी आहे: संहिता वस्तीची.

या सगळ्यावर पहिला आक्षेप स्वाभाविकच पोटाचा आहे. ज्या वस्तीत नळाला आठ-दहा दिवसांआड पाणी येते, तिथे जलसे आणि नाटिका कशाला? आधी पाणी द्या, मग गाणी गा. आक्षेपात रागही आहे आणि तथ्यही. पण त्यात एक गृहीतक लपलेले आहे: पाणी आपोआप येईल आणि कला त्याचा वाटा खाईल. प्रत्यक्षात पाणी मागावे लागते, पुन्हा पुन्हा आणि एकजुटीने. घाणेवाडी जलाशयातला गाळ जालन्यात लोकवर्गणीतून काढला गेला, तो लोक एकत्र आले म्हणून. याच जिल्ह्यातल्या कडवंचीने पाणलोटाच्या कामावर द्राक्षबागा उभ्या केल्या, त्यामागेही गावाने बसून ठरवण्याची सवय होती. वस्तीतली कला ही अशा एकत्र येण्याची तालीम असते. तिने पाणी मिळत नाही, पण पाणी मागायला जाणारी माणसे एकमेकांना ओळखू लागतात. मात्र ज्या कलेतून कुठलीच मागणी निघत नाही, तिच्याबाबत हा आक्षेप पूर्णपणे मान्य करायला हवा.

दुसरा आक्षेप पुराव्याचा आहे, आणि तो घेणारे कलेचे शत्रू नाहीत. ब्रिटनमध्ये १९९७ मध्ये फ्रांस्वा मातारासो यांनी सामूहिक कलेचे तब्बल पन्नास सामाजिक फायदे सांगणारा अहवाल लिहिला, आणि तो सरकारी धोरणांत उचलला गेला. पाओला मेर्ली यांनी २००२ मध्ये त्याची चिरफाड केली: कार्यक्रमात भाग घेतलेल्यांनाच ‘तुम्हाला बरे वाटले का’ असे विचारून निष्कर्ष काढले आहेत, आधी काय स्थिती होती ते मोजलेले नाही, आणि गरिबीची कारणे तशीच ठेवून गरिबांना शांत करण्याचे हे साधन होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कलेचा आरोग्याला उपयोग होतो असे म्हटले, तरी त्या अभ्यासांचा दर्जा एकसारखा नाही. म्हणून दावे लहान ठेवणे शहाणपणाचे. ‘वस्ती बदलली’ असे म्हणण्याऐवजी, तालमीला आलेल्या किती मुली वर्षभरानंतरही शाळेत आहेत, मंडळाच्या बैठकीला बायका येऊ लागल्या का, नगरसेवकाकडे सामूहिक अर्ज किती गेले, असे साधे प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे वहीत लिहिता येतात, आणि ती नकारार्थी आली तर कार्यक्रम बदलताही येतो.

तिसरा आक्षेप असा, की कलापथके ही शेवटी सरकारच्या प्रचाराचीच यंत्रणा होतात. त्यातही तथ्य आहे. शासनाच्या योजनांच्या प्रसिद्धीसाठी लोककला पथके नेमली जातात. वासुदेव आणि शाहीर यांच्या तोंडी योजनेची पात्रता आणि अर्जाची मुदत येते. कलावंतांना चार पैसे मिळतात हे चांगलेच. पण संहिता कार्यालयातून आली की वस्ती पुन्हा प्रेक्षक होते. तरी या यंत्रणेतूनही कधीकधी वेगळे घडते. आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहीम चालली होती. तिथल्या वाचनपाठात दारूमुळे उद्ध्वस्त झालेल्या घराची गोष्ट होती. वर्गात बसलेल्या बायकांनी ती गोष्ट आपलीच म्हणून उचलली आणि गावातली दुकाने बंद पाडायला निघाल्या. आंदोलन राज्यभर पसरले, आणि १९९३ मध्ये सरकारला गावठी दारूवर बंदी घालावी लागली. सरकारी पाठ लोकांनी ताब्यात घेतला, तेव्हा तो पाठ राहिला नाही. प्रश्न पुन्हा ताब्याचाच.

चौथा आक्षेप जालन्यात विशेष जपून हाताळायला हवा. वस्तीतली कला बहुतेक वेळा जातीच्या आणि धर्माच्या कप्प्यात राहते. १४ एप्रिलची जयंती एका गल्लीत, १ ऑगस्टची अण्णा भाऊ साठे जयंती दुसऱ्या गल्लीत, मोहरमची सवारी तिसरीकडे. अंतरवाली सराटीच्या २०२३ च्या आंदोलनानंतर आरक्षणाच्या प्रश्नावरून जिल्ह्यातल्या गावांत जो ताण आला, तो पाहता हे कप्पे अधिक घट्ट करणारी कला नको असे कुणी म्हटले तर ते समजण्यासारखे आहे. पण ज्यांना शतकानुशतके स्वतःचा आवाजच नव्हता, त्यांनी तो आधी आपल्या अंगणात कमावला यात गैर काही नाही. कमावल्यावर तो अंगणाबाहेर जावा, ही पुढची पायरी. जालन्याला तिचीही सवय आहे. धुळवडीला निघणाऱ्या हत्ती रिसाल्याच्या मिरवणुकीत हत्तीवरचा राजा रेवड्या उधळतो. शंभर वर्षांहून जुन्या या उत्सवाच्या वाटेवर अख्खे शहर जमते, आणि रेवडी झेलणाऱ्याची जात कुणी विचारत नाही. एका वस्तीच्या मुलांनी रचलेली नाटिका दुसऱ्या वस्तीत जाऊन करणे हा त्याच सवयीचा पुढचा टप्पा ठरू शकतो.

शेवटचा आक्षेप सगळ्यात जड आहे. आशा जागवायची आणि मग व्यवस्थेने ती चिरडायची, हा क्रूरपणा नाही का? असल्फाच्याच घाटकोपरमध्ये रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ रोजी तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. वस्त्यावस्त्यांत गाणी गाऊन लोकांना उभे करणारे शाहीर विलास घोगरे यांनी त्यानंतर काही दिवसांतच आपले आयुष्य संपवले. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट तिथूनच सुरू होतो. शाहिराच्या गाण्याने शेकडोंना बळ दिले, पण गाण्याला न्यायाची साथ मिळाली नाही तेव्हा गाणाराच एकटा पडला. याला समाधानकारक उत्तर नाही. इतकेच म्हणता येते, की आशेचा भार एका कलावंताच्या खांद्यावर टाकू नये आणि कलेला न्यायाची जागा घेऊ देऊ नये. वकील, शिक्षक, कामगार संघटना आणि निवडून दिलेले प्रतिनिधी यांचे काम शाहिराने करायचे नसते. त्यांना काम करायला भाग पाडणारी वस्ती घडवणे, एवढे तो करू शकतो.

मग जालन्यात करायचे काय? नव्याने शोधण्यासारखे फार थोडे आहे. वर्गणी गोळा करण्याची पद्धत आहे, जयंती मंडळे आहेत, गायन पार्ट्या आहेत, भजनी मंडळे आहेत, गणपतीच्या देखाव्यांची हौस आहे. वर्गणीतला मोठा वाटा डीजेवर जातो, आणि डीजेचे भाडे दिले की तो दुसऱ्या दिवशी ट्रकमधून निघून जातो. त्यातला चौथा हिस्सा मुलामुलींच्या तीन महिन्यांच्या तालमीवर खर्च करून पाहायला हरकत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या पोरांनी टोळी निघायच्या आधी स्वतःची नाटिका रचली आणि ती शाळेत, ग्रामसभेत, तहसीलच्या आवारात केली, तर हंगामी वसतिगृहाची मागणी कागदावरच्या अर्जापेक्षा अधिक ऐकू येईल. ठरलेले लग्न लांबणीवर टाकायला लावणारी मुलगी नाटिकेत दिसली, तर प्रेक्षकांत बसलेल्या दुसऱ्या मुलीला निदान एक वाट दिसेल. २०२३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली आहे. भिंती रंगवायचा ठेका देण्याआधी त्या भिंतीच्या पाठीमागे राहणाऱ्यांची एक बैठक घेण्याचा नियम महापालिका करू शकते. त्याला निधी लागत नाही.

या बैठकीत वाद होतील. कुणी म्हणेल महापुरुषाचे चित्र काढा, कुणी म्हणेल आधी गटार झाका. तो वाद म्हणजे कामात आलेला अडथळा नाही, तेच काम आहे. गटार झाकल्याशिवाय चित्र नको असे वस्तीने ठरवले, तर तो सामूहिक कलेचा पराभव समजू नये. वस्तीने स्वतःबद्दल निर्णय घेतला, आणि आशेची सुरुवात तिथूनच होते. म्हणून महापालिकेच्या अधिकाऱ्यांना, स्वयंसेवी संस्थांना आणि वस्तीतल्या मंडळांना एवढेच सांगणे आहे: रंगाचे डबे आणण्याआधी बैठक बोलवा, आणि बैठकीला माणसे आली नाहीत तर रंग आणू नका.